दांडी वाकवू नका, वायसर बघा

पत्र: आमच्या संडासातल्या फ्लश टँकमधून चोवीस तास सूंऽऽ असा आवाज येतो. दिवसा फारसा जाणवत नाही, रात्री मात्र तो ऐकत पडून राहावं लागतं. कमोडच्या भांड्यात मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार सारखी उतरताना दिसते. ह्यांनी दोनदा झाकण काढून बॉलची दांडी खाली वाकवली. दोन-तीन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. प्लंबर बघून गेला, म्हणाला आता अख्खा टँकच बदला. सासूबाईंनी आपला उपाय काढलाय: काम झालं की भिंतीवरची तोटी बंद. पुढचा माणूस आत जातो, टँक रिकामा, आणि मग आतून हाका सुरू. टँक खरंच बदलावा लागेल का? हे काम घरच्या घरी जमेल का? — एक वाचक

ताई, टँक बदलू नका. टँक म्हणजे नुसतं भांडं. त्याला तडा गेलेला नसेल तर तो बिघडणार कसा? बिघडतात त्या त्याच्या पोटातल्या दोन झडपा. एक पाणी आत घेणारी, म्हणजे तुमचा बॉलकॉक. दुसरी तळाशी बसलेली, फ्लश केल्यावर पाणी खाली सोडणारी. यातली कोणती गळते ते ठरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. तुमच्या बाबतीत ते ठरवणं सोपं आहे, कारण तुम्ही एक मोलाची गोष्ट सहज लिहून गेलात: दांडी वाकवली की दोन-तीन दिवस बरे जातात.

बॉलकॉकच्या आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे या दोन-तीन दिवसांचा उलगडा होईल. पाणी चढलं की बॉल वर येतो, त्याच्यामुळे दांडी वर जाते आणि दांडीचं दुसरं टोक एका छोट्या दट्ट्याला पुढे ढकलतं. दट्ट्याच्या नाकावर रबराची चकती असते. हाच तो वॉशर, ज्याला सगळं जग वायसर म्हणतं. जिथून पाणी आत येतं त्या भोकाच्या काठावर ही चकती दाबून बसली की पाणी बंद. दांडी लांब असल्यामुळे बॉलचा हलका रेटा दट्ट्यापाशी कित्येक पट होतो, म्हणून तर एवढासा पोकळ गोळा नळाच्या दाबाला अडवू शकतो. तरंगणाऱ्या वस्तूकडून पाण्याची वाट बंद करून घ्यायची ही युक्ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने ती पाण्याच्या घड्याळात वापरली होती. तेव्हापासून तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या, तत्त्व तेच राहिलं.

आता वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून त्या चकतीवर भोकाच्या काठाची गोल खाच पडते. रबर कडक होतं. मग नेहमीच्या रेट्याने ती घट्ट बसेनाशी होते, बारीक फट राहते आणि तिच्यातून पाणी सुटताना तो सूं आवाज येतो. पाणी चढत चढत ओव्हरफ्लोच्या तोंडाशी पोचतं आणि तिथून भांड्यात उतरत राहतं. दांडी खाली वाकवली की बॉलही खाली येतो. पाणी ओव्हरफ्लोपर्यंत पोचायच्या आत तो जास्त बुडतो, म्हणून जास्त जोराने वर रेटतो. त्या जोराने खाचेतली चकती आणखी दाबली जाते आणि गळती थांबते. दोन दिवसांत रबर तेवढंच आणखी खोल दबतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या जागी. वर पाण्याची पातळीही खाली गेलेली, त्यामुळे एका फ्लशमध्ये काम भागत नाही ते वेगळंच. बॉल नव्हे, वायसर गेलाय.

रात्री आवाज वाढतो तो केवळ शांततेमुळे नाही. रात्री इतर नळ बंद असतात, त्यामुळे पाइपातला दाब थोडा चढतो. दिवसा कशीबशी तग धरणारी चकती रात्री हार मानते.

माझ्या शब्दावर मात्र विसंबू नका, दहा मिनिटं खर्चून खात्री करा. टँकचं झाकण काढा आणि ते कमोडच्या कडेवर नाही, खाली जमिनीवर जुन्या टॉवेलवर ठेवा. चिनी मातीची झाकणं टँकपेक्षा लवकर फुटतात आणि नुसतं झाकण सहसा वेगळं मिळत नाही. आत बघा, पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडातून आत सांडतंय का? ओव्हरफ्लो म्हणजे टँकच्या मधोमध उभी असलेली पोकळ नळी. दोन बटणांच्या टँकमध्ये फ्लशच्या झडपेचं मधलं पोकळ नळकांडंच हे काम करतं. सांडत असेल तर बॉल हाताने हळूच वर उचला. जराशा उचलण्याने धार थांबली तर वायसरला अजून थोडा जीव आहे, किंवा बॉलच आळशी झालाय. तो टँकच्या भिंतीला घासत असेल, नाहीतर त्यात पाणी शिरलं असेल. कानाशी हलवला की डुचमळतो, लगेच कळतं. जोर लावून वर ओढला तरी धार थांबत नसेल तर वायसर गेला, किंवा तो जिथे टेकतो तो काठ खराब झाला.

आवाजाची तऱ्हाही ऐकून ठेवा. अखंड सूं म्हणजे पाणी आत घेणारी झडप. पण टँक मध्येच, कुणी हात न लावता, वीस-वीस मिनिटांनी आपोआप भरल्यासारखा खळखळत असेल आणि मग गप्प होत असेल, तर गळती तळाच्या झडपेतून आहे. बिचारा बॉलकॉक फक्त भरपाई करत असतो. आवाज तो करतो म्हणून शिक्षाही त्यालाच होते. लोक दोन-दोनदा बॉलकॉक बदलतात आणि आवाज तसाच. हा घोळ मी इतक्या घरांत पाहिलाय की खात्रीसाठी रंगाची परीक्षा करायला सांगतोच: टँकच्या पाण्यात खाण्याचा रंग थोडा टाका, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर तळाची झडप गळते. फक्त एक अट. आधी तोटी बंद करा आणि पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या दोन बोटं तरी खाली आणा. नाहीतर रंग ओव्हरफ्लोतूनच खाली जाईल आणि तुम्ही भलत्याच झडपेला दोषी ठरवाल.

"बारीक धारच तर आहे" असं ह्यांनी म्हटलं असेल, तर हा हिशेब त्यांच्यासाठी. ती धार अडीचशे मिलीलीटरचा पेला पाच मिनिटांत भरण्याइतकी आहे असं धरा. तासाला 3 लिटर, दिवसाला 72. एका पूर्ण फ्लशला 6 लिटर लागत असतील तर बारा फ्लश, कुणी संडासात न जाताच.

आता सासूबाई. त्यांचं पूर्णपणे चुकलंय असं मी म्हणणार नाही. पाणी वाया जाताना बघवत नाही त्याला कुणी दोष द्यावा? पण भिंतीवरचा तो अँगल कॉक दिवसातून दहा वेळा फिरवण्यासाठी बनवलेला नसतो. तो दुरुस्तीच्या वेळी बंद करायचा. सारखा फिरवला तर त्याच्या दांड्याभोवतीची पॅकिंग झिजते आणि मग तोही गळायला लागतो, थेट भिंतीवर. तुमचा कॉक आताच नीट तपासा. मुठीखाली बोट फिरवा, ओलं लागतंय का? एक फायदा मात्र त्यांनी करून दिलाय. वर्षानुवर्षं न फिरवलेले कॉक ऐन वेळी जाम निघतात, जोर लावावा तर हातात मोडून येतात. तुमचा तसा नाही, हे तरी नक्की ठाऊक आहे.

काम सुरू करण्याआधी तो पूर्ण बंद होतो ना, हे पाहायचं. बंद करा, फ्लश ओढा, टँक रिकामा होऊ द्या आणि बॉल हाताने खाली दाबून बघा. टँकमध्ये एक थेंबही येत नसेल तर पुढे जा. येत असेल तर थांबा. घरात येणारी मुख्य तोटी कुठे आहे ते शोधून ती बंद करा, मगच कशाला हात लावा. या कामात घर ओलं होतं ते नव्वद टक्के वेळा ही एक पायरी गाळल्यामुळे. (आकडा माझ्या अंदाजाचा, पण पैज लावायला तयार आहे.)

पुढे काय करायचं ते तुमचा बॉलकॉक कशाचा आहे यावर. प्लास्टिकचा असेल तर वायसरच्या नादी लागू नका, सरळ नवा बसवा. प्लास्टिकच्या बॉलकॉकमध्ये तो काठच मऊ असतो. खाच चकतीवर पडते तशी काठावरही पडते आणि नवी चकती महिनाभरात जुनीसारखी होते. पितळेचा असेल तर मात्र दुरुस्ती करण्यात अर्थ आहे. बहुतेक पितळी बॉलकॉकमध्ये दांडी एका पिनेवर फिरते. पिनेचे दोन फाकवलेले पाय पक्कडीने सरळ करून ती ओढली की दांडी बॉलसकट मोकळी होते. टोकाला टोपी असेल तर ती उघडा आणि दट्टा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खाचेतून हलकेच पुढे सरकवा. सुळकन हातात येतो, किंवा क्षार बसलेले असतील तर कुरकुरत येतो.

इथे दोन मिनिटं थांबून चकती उजेडात धरा. तिच्यावर एक गोल वळ दिसेल, अंगठी खूप दिवस घालून काढल्यावर बोटावर राहतो तसा. नखाने चाचपलं तर वळात नख अडकतं. चकती दुमडून बघा. चांगलं रबर दुमडतं आणि परत फिरतं. गेलेलं रबर दुमडताना वळावर बारीक चिरतं, बोटं काळी करतं. कधीकधी खाच अजिबात नसते, चकतीत फक्त वाळूचा एक कण रुतून बसलेला असतो आणि तेवढ्यावर सगळा खेळ चाललेला. टाकी धुतल्यावर किंवा पाइपलाइनचं काम झाल्यावर गळती सुरू झाली असेल तर आधी हा कण शोधा. तसं असेल तर बिनखर्चाचं काम, धुऊन परत बसवा.

चकती बदलायची तर जुनी सोबत नेऊन त्याच मापाची आणा. काही दट्ट्यांना पुढे आट्यांची छोटी टोपी असते, ती पक्कडीने धरून उघडावी लागते. पितळेवर पक्कडीचे दात उमटू नयेत म्हणून मध्ये फडका धरा. दट्ट्यावरचा पांढरा थर बारीक पॉलिश पेपरने काढा. थर जाड असेल तर व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा, नवं रबर बसवायच्या आधी. आणि चकती जिथे टेकते त्या काठावरून करंगळीचं टोक फिरवा. गुळगुळीत लागला तर काम झालं. खरबरीत लागला, एखादी बारीक चर लागली, तर नवी चकती फक्त काही आठवडे पुरेल. मग बॉलकॉकच बदला.

माझं विचाराल तर, दोनदा वाकवून झालेल्या दांडीचा बॉलकॉक मी बदलूनच टाकेन. नवीन घ्यायचा तर बॉल-दांडीचा न घेता उभा घ्या, ज्याच्या अंगालाच डबीसारखा तरंगता भाग असतो. बॉलकॉक बंद होताना शेवटची दोन मिनिटं धार बारीक बारीक करत जातो आणि रेंगाळतो. डबीवाला त्या मानाने झटकन बंद होतो, जागा कमी घेतो, भिंतीला घासत नाही. घेताना तीन गोष्टी बघायच्या. पाणी तुमच्या टँकला बाजूने येतं की तळातून. आटे कोणत्या मापाचे, बहुधा अर्धा इंच, पण जुना सोबत नेलात तर बहुधा शब्दाला जागाच राहत नाही. आणि उंची, कारण उंच व्हॉल्व्हवर झाकण बसत नाही हे घरी आल्यावरच कळतं. पाणी उंचावरच्या टाकीतून येत असेल तर आणखी एक चौथी गोष्ट. दहा मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तीन मीटरच्या हिशेबाने 0.3 बारच. काही व्हॉल्व्हना याहून जास्त दाब लागतो, मग टँक भरायला पंधरा-वीस मिनिटं घेतात. डब्यावर किमान दाब छापलेला असतो, तो वाचा.

बसवायचं काम अर्ध्या तासाचं. तोटी बंद, टँक रिकामा, तळाचं उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. खाली बादली ठेवा, कारण लवचिक कनेक्शन पाइपात पेलाभर पाणी असतंच. पाइपाचा नट सोडवा. मग एक हात टँकमध्ये घालून व्हॉल्व्ह घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाहेरचा मोठा नट पान्याने सोडवा. आतला धरला नाही तर सगळंच गोल फिरतं आणि तुम्ही तासभर फिरवत बसता. भोकाची कड फडक्याने स्वच्छ पुसा, तिथे चिकटलेला चिखल आणि जुन्या रबराचे तुकडे राहिले तर नवीनही झिरपणार.

आता नवीन व्हॉल्व्ह लगेच लावू नका. पाइपाचं मोकळं टोक बादलीत धरा आणि तोटी दोन-तीन सेकंद उघडून बंद करा. पहिल्या धारेबरोबर गंज, वाळू, क्षाराचे कपचे बाहेर येतात. हे केलं नाही तर ते सगळं सरळ नव्या व्हॉल्व्हच्या तोंडात जातं आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही दुकानदाराला शिव्या देता. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असली तर ती काढून फेकू नका, ती यासाठीच असते.

जाड रबरी वॉशर टँकच्या आतल्या बाजूला, नट बाहेर. नट आधी हाताने, मग पान्याने फार तर पाव ते अर्धा फेरा. इथेच लोक चुकतात, मीही चुकलोय. "गळायला नको" म्हणून एका पाहुण्यांच्या घरी मी आणखी एक फेरा दिला आणि टिक् असा एवढासा आवाज आला. टँकला केसाएवढा तडा गेला होता. बॉलकॉक बदलायला गेलो आणि टँक भरून द्यावा लागला. चिनी मातीला जोर चालत नाही, पाणी अडवायचं काम रबर करतं. कनेक्शन पाइपाच्या टोकात रबरी वॉशर असतोच, त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेपही गुंडाळायची नाही. उलट टेपच्या जाडीमुळे नट नीट बसत नाही.

तोटी हळूहळू उघडा. भरताना पातळी बघत राहा, पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापासून सुमारे अडीच सेंटिमीटर खाली थांबलं पाहिजे. टँकच्या आतल्या भिंतीवर रेघ छापलेली असेल तर त्या रेघेवर. नसेल थांबत तर डबीच्या शेजारचा स्क्रू फिरवून जमवा. व्हॉल्व्हवरून एक बारीक रबरी नळी ओव्हरफ्लोत सोडायची असेल, तर तिचं टोक चापाने वरच अडकवा. आत खोल खुपसलं तर नळीच टँकमधलं पाणी हळूहळू ओढून खाली नेते, आणि नवा व्हॉल्व्ह बसवूनही गळती का, म्हणून डोकं धरायची वेळ येते.

नटाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवून झोपा. दमट हवेत गार टँकला बाहेरून घाम सुटतो, त्याने फसू नका. घाम सगळ्या अंगाला सारखा येतो, गळतीचा डाग एकाच जागी पडतो. आणि टँकमध्ये टाकायच्या त्या क्लोरीनच्या वड्या वापरत असाल तर बंद करा. पाण्यात सतत विरघळत राहून त्या नव्या रबराची वाट लावतात. भांडं घासायचं तर भांड्यात टाका.

सासूबाईंना सांगा, तोटी आता उघडीच राहू दे, पण घर बंद करून चार दिवस गावाला निघताना ती बंद करायचं काम त्यांच्याकडेच. जुना पितळी बॉलकॉक मात्र त्यांच्या हाती लागू देऊ नका, पुन्हा बसवायला सांगतील. मोडीत देऊन टाका.